२००१ ची १६१३, सीझन तोंडावर: पंधरा-चाळीस, वीस-पन्नास की चाळीस नंबर?

वाळव्याचा_गडी | मंगळवार, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वडिलांनी घेतलेली २००१ ची टाटा १६१३ टर्बो आहे. सीझनला ऊस, एरवी मुरूम, विटा, कधी सोयाबीन. मागच्या वर्षापासून गाडी माझ्या ताब्यात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी फुल इंजिन झालंय (सगळं खोलून नवं भरलेलं), त्यानंतर चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उघडलेला नाही. मीटर बंद आहे, त्यामुळं एकूण किती पळाली ते विचारू नका.

तक्रारी दोन. एक, ऑइल खातीय. फेऱ्या मोजून हिशोब काढला तर हजार किलोमीटरला दोन लिटर वरून घालावं लागतंय. दोन, गार असताना प्रेशरचा काटा झकास उभा राहतो, पण भरलेली गाडी तापून कारखान्याच्या गेटवर स्लोला (इंजिन चालू, रेस नाही) थांबली की काटा झोपतो. लाल दिवा अजून लागलेला नाही.

आता सल्ले ऐका. मिस्त्री म्हणतो वीस-पन्नास घाल, जाड असतंय, काटा वर येईल. पंपावरचा पोरगा म्हणतो सीआय-४ प्लस दर्जाचं पंधरा-चाळीस, सगळे तेच नेतात. चुलते म्हणतात, "तुझ्या बापानं जन्मभर चाळीस नंबर सिंगल ग्रेड घातलं, गाडी कधी रस्त्यात उभी राहिली का?" आणि दुकानदारानं धूर बंद करायची एक बाटली पुढं सरकवली, ती वेगळीच.

कारखान्याचं धुराडं पेटायला पंधरा दिवस आहेत. बादली एकदाच घ्यायची आहे. कुठलं घालू?

खमंग_भजी | मंगळवार, रात्री ९:३०

भज्यांना करडई, इंजिनाला पंधरा-चाळीस. पुढचा प्रश्न?

(चेष्टा सोडा, मी पण वाचतोय. माझी ४०७ पण ऑइल पिते आणि दर माणसाचा सल्ला वेगळा. मिस्त्री ज्या कंपनीची बादली सांगतो, तिच्यात कूपन कुणाला मिळतं ते एकदा बघा.)

आगारातला_फिटर | मंगळवार, रात्री १०:०५

गड्या, ऑइल नंतर ठरवू. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, त्यात ऑइल बदलून बरं झालेलं इंजिन फार कमी बघितलं. दुखणं वेगळीकडंच असायचं.

आधी ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी कशी बघतोस ते सांग. इंजिन बंद करून लगेच बघत असशील तर निम्मं ऑइल वरच अडकलेलं असतं. किमान दहा मिनिटं थांबायचं, गाडी सपाट जागेवर हवी, पट्टी एकदा पुसून परत घालायची आणि दुसऱ्यांदा काढलेली वाचायची. आमच्याकडं एक ड्रायव्हर रोज तक्रार लिहायचा, "ऑइल कमी". गाडी तो खड्ड्याच्या कडेला लावायचा. जागा बदलल्यावर तक्रार थांबली.

मग धूर बघ. सकाळी पहिल्या सेल्फला निळा येऊन जात असेल तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा सील. रेस दिल्यावर, चढाला निळा येत राहिला तर रिंगा-लायनर. टर्बोचंही सील असू शकतं, हवेचा पाइप काढून आत बोट फिरव, ऑइलचा थर किती आहे कळेल. नुसतं ओलसर असणं चालतं, ओघळ नको. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, इंजिन किती हवा मारतंय तेही बघ. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेव. थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर समज.

आणि डॅशबोर्डच्या काट्यावर संसार करू नकोस. वीस-बावीस वर्षांचा तो काटा, त्याची वायर, त्याचं युनिट. गॅरेजमध्ये नळीवालं साधं गेज मिळतं, ते इंजिनाला लाव, गाडी पूर्ण तापव आणि स्लोला आणि दीड हजार रेसला किती दाखवतंय ते इथं लिही. बादली मग घे.

जुनं_ते_सोनं | बुधवार, सकाळी ७:४०

फिटरसाहेबांना मान देऊन सांगतो, चुलते बरोबर आहेत. आमच्या १२१० एसई ला २५ वर्षं चाळीस नंबर घातलं, एक इंजिन दोन पिढ्या चाललं. हे मल्टिग्रेड म्हणजे पातळ ऑइलात रबर मिसळून जाड केलेलं. चार महिन्यांत रबर फाटतं आणि उरतं पाणी. नावं नवी, पैसे जास्त, बाकी काही नाही.

तेलमापे | बुधवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. एका ल्युब्रिकंट प्लांटच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं. कुठल्या ते सांगणार नाही, त्यामुळं ब्रँडही सुचवणार नाही. पंपावर मिळणारं सर्वो, मिल्सी, मॅक घ्या, नाहीतर बाजारातलं दुसरं नाव घ्या. बादलीच्या पुढच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा.

"रबर" या शब्दावर हसू नका, ते अगदीच खोटं नाही. मल्टिग्रेडमध्ये पॉलिमर असतो आणि तो गिअरांत, बेअरिंगांत चिरडून थोडा तुटतोही. पण "उरतं पाणी" हे खोटं. चांगल्या तेलाला त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. सीआय-४ मधल्या "प्लस"चा अर्थच तो: चिरडून पातळ होणं आणि काजळीनं जाड होणं, दोन्हीला जास्त कडक मर्यादा.

आता आकड्यांकडं. १५ आणि ४० हे दोन वेगळ्या पेपरांचे मार्क आहेत. १५डब्ल्यू हा थंडीचा पेपर, उणे २० अंशाला तेल किती घट्ट राहतं त्याचा. वाळव्यात उणे २० कधी होत नाही, पण त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की डिसेंबरच्या पहाटे पहिला सेल्फ मारल्यावर तेल वर रॉकरपर्यंत लवकर पोचतं. ४० हा तापल्यानंतरचा पेपर. १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचं माप) या पट्ट्यात तेल बसलं की ते "४०".

आता गंमत बघा. चुलत्यांचं सिंगल ग्रेड चाळीस हेही तापल्यावर याच पट्ट्यात बसतं! म्हणजे भर लोडमध्ये ते पंधरा-चाळीसपेक्षा जाड नसतं. जाड असतं ते गार असताना. ४० अंशाला पंधरा-चाळीस साधारण ११० सेंटिस्टोक, सिंगल चाळीस १४० च्या आसपास, वीस-पन्नास १६०-१७०. झीज गार इंजिनात, पहिल्या मिनिटांत जास्त होते आणि नेमकं तेव्हाच हे तेल आळस करतं. गार, जाड तेल फिल्टरच्या कागदातून जाईना की बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल सरळ बेअरिंगला जातं.

दुसरी परीक्षा सहसा कुणी सांगत नाही. १५० अंशाला, बेअरिंगच्या फटीत तेल दाबलं जात असताना किती टिकतं, ती. एसएई जे३०० च्या, म्हणजे हे ग्रेड ठरवणाऱ्या, तक्त्यात पंधरा-चाळीसला तिथं किमान ३.७ लागतं आणि वीस-पन्नासलाही किमान ३.७ च. प्रत्यक्षात वीस-पन्नास त्याच्या वर भरतं हे मान्य. पण पंधरा-चाळीस म्हणजे "पातळ तेल" ही समजूत सोडा.

जुनं_ते_सोनं | बुधवार, दुपारी २:०२

आकडे ठीक आहेत हो. पण आमचं इंजिन दोन पिढ्या चाललं ते कसं?

तेलमापे | बुधवार, दुपारी २:२०

तुम्ही वेळेवर बदललं म्हणून चाललं. पाच हजाराला बदलत असाल बहुतेक?

जुनं_ते_सोनं | बुधवार, दुपारी २:२६

चार हजाराला. वडील वहीत लिहायचे.

तेलमापे | बुधवार, दुपारी २:३१

मग भांडण मिटलं. चार हजाराला बदललेलं साधं तेल वीस हजार ओढलेल्या भारी तेलाला कधीही हरवेल. सिंगल ग्रेडशी माझं वैर नाही. ते बहुतेक वेळा खालच्या एपीआय दर्जाचं (बादलीवर सीएफ-४, सीआय-४ असं लिहितात तो) मिळतं, एवढीच अडचण.

घाटातला_इंजिनब्रेक | बुधवार, रात्री ११:४८

आत्ता कसारा उतरून खाली चहाला थांबलोय. वीस-पन्नासचा किस्सा माझ्याकडून ऐका, मी तो सव्वा लाखाला विकत घेतलाय.

माझीपण १६१३ च. काटा तापल्यावर असाच झोपायचा. मिस्त्रीनं वीस-पन्नास घातलं. काटा वर! मी खूश, मिस्त्रीला पार्टी. पुढच्या उन्हाळ्यात परत झोपायला लागला, तेव्हा वर दोन बाटल्या घट्ट करायचं औषध ओतलं. काटा परत वर. दोन सीझन असेच काढले. एका रात्री भरलेल्या गाडीला घाटात खालून टकटक सुरू झाली. आधी वाटलं नोझल असेल. दोन किलोमीटरांत टकटकीची ठकठक झाली आणि मी गाडी कडेला घेतली.

चेंबर पाडला तर तळात सोनेरी चुरा, लग्नात उडवतात तसा. चार नंबरची कनेक्टिंग रॉडची बेअरिंग फिरून क्रँकला चिकटलेली. क्रँक घासून घेण्यापलीकडं गेला होता. बेअरिंगची फट वाढली म्हणून प्रेशर पडत होतं आणि मी फट भरायच्या ऐवजी फटीत खीर ओतत होतो. पहिल्यांदा काटा झोपला तेव्हाच बेअरिंग बदलली असती तर काही हजारांत सुटलो असतो.

गड्या, गेज लाव. फिटरकाका सांगतात ते ऐक.

खमंग_भजी | गुरुवार, सकाळी ८:१०

"फटीत खीर"! फ्रेम करून गॅरेजमध्ये लावतो.

माणदेशी_टँकर | गुरुवार, सकाळी ११:२२

माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या जुन्या ट्रकवर पाण्याची टाकी आहे, उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांना पाणी. दिवसाला गाडी पळते साठ-सत्तर किलोमीटर, पण भरताना आणि उपसताना इंजिनावरचा पंप चालतो, म्हणजे इंजिन नऊ-दहा तास चालू. किलोमीटरवर ऑइल बदलत बसलो असतो तर सहा महिने गेले असते. आम्ही तासांवर बदलतो. २५० तास झाले की बाहेर.

उसाच्या गाड्यांचंही तेच असणार. कारखान्याच्या यार्डात नंबर येईपर्यंत रात्रभर स्लोला चालू ठेवता ना, सेल्फ कमजोर म्हणून? ते तास कोण मोजतं?

वाळव्याचा_गडी | गुरुवार, सकाळी ११:५०

पकडलं दादा. बॅटरी कमजोर आहे. गेल्या सीझनला तीन-तीन तास चालू ठेवलेली आहे.

आगारातला_फिटर | गुरुवार, दुपारी १२:३०

मग त्या बादलीच्या पैशातली आधी बॅटरी घे. स्लोला इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी होते आणि काही डिझेल लायनरवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. तापल्यावर काटा पडायचं तेही एक कारण असतं. पट्टीवर लेव्हल न घालता वाढलेली दिसली, वास डिझेलचा आला, तर नोझल टपकताहेत का, पंपाचं सील गेलंय का ते बघायचं. तिथं शंभर नंबरचं ऑइल घातलं तरी पंधरा दिवसांत पातळच होणार.

तेलमापे | गुरुवार, रात्री ८:४०

डिझेल मिसळलंय का ते घरी बघायची सोपी रीत: टिपकागद किंवा कॉफी गाळायचा कागद घ्या, पट्टीवरचा एक थेंब त्यावर टाका, कागद खाली टेकू न देता चहाच्या कपावर आडवा ठेवून रात्रभर सोडा. सकाळी मध्ये काळा ठिपका, भोवती करडं पसरलेलं वर्तुळ दिसेल. करडं छान पसरलं असेल तर तेल अजून काजळी पेलतंय. मध्येच घट्ट काळं, कडा तीक्ष्ण, बाहेर काहीच नाही, तर तेल थकलंय, काढा. सगळ्यात बाहेर फिकट पिवळी कड उमटली तर डिझेल उतरतंय.

पाण्याचा संशय असेल तर लोखंडी पत्रा तापवून त्यावर थेंब टाका. तडतडला तर पाणी. स्वयंपाकघरातला तवा घेऊ नका, मी एकदा घेतला होता. झाकणाखाली दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर मात्र कागद-बिगद सोडा, गाडी उभी करा. हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलर.

एक गैरसमज राहिला. "नवं ऑइल आठ दिवसांत काळं पडलं, डुप्लिकेट होतं" असं बरेच जण म्हणतात. डिझेलचं तेल काळं पडायलाच हवं. काजळी उचलून अंगावर वागवणं हे त्याचं कामच आहे. सहा महिने सोनेरी राहणाऱ्या तेलाला मी जास्त घाबरेन.

वाळव्याचा_गडी | शनिवार, संध्याकाळी ६:२०

मंडळी, अहवाल.

पट्टीबद्दल आधी, कारण तिथं माझं नाक कापलं गेलं. आमचं अंगण रस्त्याकडं उतरतं. गाडी कायम तोंड खाली करून उभी असते आणि पट्टी मी तिथंच बघायचो, तेही आल्या आल्या. आज सपाट खळ्यावर लावली, पंधरा मिनिटं थांबलो. अंगणात "कमी" दाखवणारी पट्टी खळ्यावर मधल्या खुणेच्या वर. म्हणजे मी गेले वर्षभर भरलेल्या इंजिनात अजून ओतत होतो, आणि जास्तीचं ब्रीदरवाटे बाहेर पडत होतं. खरोखर खातीय ते निम्म्याच्या आसपास असावं.

बेलहाऊसिंगच्या खाली मात्र ऑइलचा ओघळ आहे, मागचं क्रँक सील. सेल्फला निळा धूर नाही. चढाला हलका निळा आहे. झाकण थरथरतं, उडत नाही.

गेज लावलं. गार असताना प्रेशर साडेचार किलो. भरून आष्ट्यापर्यंत नेऊन आणली, तापल्यावर स्लोला पॉइंट सहा, दीड हजार रेसला पावणेदोन. डॅशबोर्डचा काटा स्लोला शून्य दाखवत होता, तो थोडा खोटारडा निघाला. कागदावर पिवळी कड नाही.

आता बोला.

आगारातला_फिटर | शनिवार, रात्री ९:००

शाब्बास. काम असं करायचं असतं.

ढोबळ हिशोब सगळ्या इंजिनांना लावतात तो दर हजार रेसला साधारण पॉइंट सात किलो. त्या मापानं तू स्लोला काठावर पास आहेस. पण उसाच्या लोडला, टर्बो असलेल्या गाडीला मी एवढ्यावर सोडणार नाही. तुझ्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ, माझा हिशोब अंदाजाचा आहे.

डिझेल उतरत नाही, म्हणजे राहिलं काय? बेअरिंगची फट, पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, नाहीतर तळातली जाळी. या चौघांतलं एकही बादलीत मिळत नाही. दहा-अकरा दिवस हातात आहेत. चेंबर खाली घे. इंजिन उतरवायची गरज नाही, कनेक्टिंगच्या बेअरिंगा खालूनच निघतात. कॅप सुटली की नंबर आणि बाजू खडूनं लिहून ठेव, कॅप आलटून-पालटून गेल्या तर सगळंच गेलं. क्रँकला मायक्रोमीटर लावल्याशिवाय नवी बेअरिंग मागवू नको. मागं अंडरसाइज केला, म्हणजे घासून बारीक केला असेल तर स्टँडर्ड बेअरिंग ढिली बसेल.

विनिपेगकर | रविवार, सकाळी ६:५५

मूळचा कऱ्हाडचा, सध्या कॅनडात ट्रक चालवतो. तेलमापेंच्या थंडीच्या पेपराला इकडं आम्ही खरंच बसतो. जानेवारीत उणे ३० म्हणजे रोजचं. ट्रकच्या तोंडातून एक वायर लोंबत असते, ती रात्री भिंतीतल्या प्लगला लावायची, म्हणजे इंजिनाचं पाणी कोमट राहतं. तेल शून्य-चाळीस नाहीतर पाच-चाळीस. वाळव्यात त्याचे जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

एक सावधगिरी. इथल्या बादल्यांवर एफए-४ असं लिहिलेलं तेल दिसतं. २०१६ च्या शेवटी सीके-४ बरोबर आलेला हा दर्जा मुद्दाम पातळ ठेवलाय, डिझेल वाचवायला, तेही नव्या इंजिनांसाठी. जुन्या गाडीत चुकूनसुद्धा नको.

वाळव्याचा_गडी | रविवार, सकाळी ९:३०

उणे ३० ला चालवता! आम्ही स्वेटर घालून सेल्फ मारतो आणि त्याचं कौतुक सांगतो.

तेलमापे साहेब, ग्रेड कळला. एपीआयचं एकदा सरळ सांगा. सीएफ-४ ची बादली बरीच स्वस्त आहे.

तेलमापे | रविवार, दुपारी १२:१०

पहिलं अक्षर सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. दुसरं अक्षर पुढं सरकेल तसा दर्जा नवा. सीएफ-४ १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. सीआय-४ हा सीएफ-४ आणि सीएच-४ च्या जागी बिनघोर चालतो, उलटं नाही. तुमच्या गाडीला सीएच-४ पुरलं असतं. सीआय-४ मिळतंय तर तेच घ्या, काजळी चांगली पेलतं. सीके-४ घातलं तर बिघडणार काही नाही, पण त्यातली राख कमी ठेवायची सगळी खटपट सायलेन्सरमध्ये फिल्टर असलेल्या गाड्यांसाठी आहे. तुमच्याकडं तो फिल्टरच नाही.

आता थोडं आवडीचं बोलतो. जुने ड्रायव्हर पाच हजाराला ऑइल बदला म्हणायचे, त्याला तेव्हाचं डिझेलही कारण होतं. नव्वदच्या दशकात डिझेलमध्ये गंधक हजारांत पीपीएम असायचं. जळलं की त्याचं आम्ल व्हायचं आणि ते मारायला तेलात क्षार भरावा लागायचा, ज्याला आम्ही टीबीएन म्हणतो. २०१७ पासून देशभर ५० पीपीएम, १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम. आम्लाचा मारा जवळपास संपला. त्यामुळं "आमच्यात टीबीएन जास्त" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर तुमच्या गाडीला त्याचा पूर्वीइतका उपयोग नाही. काजळी मात्र तुमच्या पंपा-नोझलची आहे, ती पंपावरच्या स्वच्छ डिझेलनं जात नाही.

धुराच्या बाटलीत मुख्यतः तोच पॉलिमर असतो ज्याला सोनेसाहेब रबर म्हणाले. परत करा.

जुनं_ते_सोनं | रविवार, दुपारी १२:४५

बघा, शेवटी रबर आलंच.

माणदेशी_टँकर | रविवार, दुपारी ४:१५

बादलीवरून एक. रिकामी बादली भंगारवाल्याला झाकणासकट देऊ नका. त्याच बादल्या जळकं ऑइल गाळून, रंग देऊन परत बाजारात येतात. आम्ही झाकण चिरतो आणि बादली घरी ठेवतो. घरात आंघोळीच्या सगळ्या बादल्या ऑइलच्या आहेत, मंडळींना तर ब्रँड बादलीच्या कडीवरून पाठ आहेत.

वाळव्याचा_गडी | पुढच्या शुक्रवारी, रात्री १०:१०

चेंबर खाली घेतला. मिस्त्री आधी तयार नव्हता, "पडलंय ते पडू दे" म्हणाला. घाटातल्या दादांचा सोनेरी चुरा वाचून दाखवला, मग पाना उचलला.

जाळीत काय सापडावं? निळ्या सिलिकॉनच्या शेवया. मागच्या वेळी कुणीतरी गॅस्केटला हात सैल सोडून ट्यूब पिळली होती, आत दाबलेली सगळी सुटून जाळीवर बसली होती. बेअरिंगा काढून वर्तमानपत्रावर मांडल्या. वरच्या बाजूच्या सहांपैकी चारांचा करडा थर उडून खालचं तांबं दिसत होतं, दोन-तीन नंबरला अंगठ्याएवढं. क्रँक मात्र गुळगुळीत, नखाला ओरखडा लागत नाही. मापात आधीच एकदा अंडरसाइज केलेला निघाला. काका, तुम्ही सांगितलं नसतं तर स्टँडर्ड सेट आणून बसलो असतो.

क्रँकच्या मेन बेअरिंगच्या दोन कॅप सोडून बघितल्या, बऱ्या आहेत. कनेक्टिंगचा सेट, मागचं सील, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलली. रिंगा सीझननंतर. तोवर चढाला थोडं ऑइल पिणार, ते पिऊ दे.

फिल्टरचं एलिमेंट ऑइलात भिजवून बसवलं. स्टॉपरची केबल ओढून धरली आणि दहा-दहा सेकंद थांबून-थांबून सेल्फ मारला, गेज हलल्यावरच इंजिन चालू केलं. आत पंधरा-चाळीस, सीआय-४ प्लस.

आगारातला_फिटर | शुक्रवार, रात्री १०:४०

उत्तम. आता हे ऑइल पूर्ण मुदत चालवू नकोस. वर्षानुवर्षं आत बसलेला गाळ नवं ऑइल सोडवायला लागेल आणि एलिमेंट लवकर तुंबेल. अडीच हजारावर ऑइल-एलिमेंट दोन्ही बदल, मग नेहमीची मुदत. गाळ धुवायला म्हणून डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवायला कुणी सांगितलं तर त्याला गेटबाहेर काढ, नव्या बेअरिंगा त्यातच जातील. गाडी लोडवरून आली की बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं स्लोला ठेव, टर्बो अजून फिरत असतो आणि ऑइल बंद झालं की कोरडा फिरतो.

आणि सीझन संपला की ऑइल बदलून गाडी उभी कर. लोक उलटं करतात, घाणेरडं ऑइल आत ठेवून पावसाळाभर उभी करतात आणि सीझनच्या आधी बदलतात. त्या चार महिन्यांत आतली ओल आणि आम्ल नव्या बेअरिंगांवर बसून असतं.

खमंग_भजी | शुक्रवार, रात्री ११:०५

जळक्या ऑइलचं काय केलं?

वाळव्याचा_गडी | शनिवार, सकाळी ७:१५

सेंट्रिंगवाला मागत होता, प्लेटांना लावायला. दिलं नाही, ड्रममध्ये ठेवलंय. रीसायकलिंगला नेणारा गोळा करायला येतो, त्याला देणार.

वाळव्याचा_गडी | तीन आठवड्यांनी, पहाटे ४:०५

यार्डातून लिहितोय. पुढं चाळीस-एक गाड्या आहेत, नंबर सकाळी आठच्या आत येत नाही. इंजिन बंद आहे, नवी बॅटरी घेतली.

नळीचं गेज काढलंच नाही, केबिनमध्ये बांधून टाकलंय. भरलेली गाडी तापून आल्यावर स्लोला एक पॉइंट चार, दीड हजारला तीन. तीन आठवड्यांत वरून घातलेलं ऑइल: एक लिटर, तेही पूर्ण नाही. चुलत्यांना आकडे दाखवले. ते म्हणाले, चाळीसच आहे ना शेवटी, मग मी काय वेगळं सांगत होतो?

अंगणातली उताराची जागा आता बैलगाडीला दिली आहे. ट्रक खळ्यावर.